तपासणारा वेगळा, दुरुस्ती करणारा वेगळा

पनवेलमध्ये एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या साध्या गच्चीचा हिशोब केला, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तिच्यावर सुमारे तीन लाख लिटर पाणी उतरते. त्याला वाट दिली तर ते निघून जाते, नाही दिली तर ते स्वतः वाट काढते. घरांची छपरे तपासणे हेच माझे काम असल्यामुळे या शहरात जितक्या प्रकारची छपरे आहेत ती बहुतेक सगळी जवळून पाहायला मिळतात: जुन्या पनवेलमधली मंगलोरी कौले, गर्डर-लादीचे माळे, गावठाणातले सिमेंटचे पत्रे, नवीन पनवेल आणि कळंबोलीतल्या सिडकोच्या सुरुवातीच्या इमारती, खारघर-कामोठ्यातले टॉवर, आणि कर्नाळ्याच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांमधली घरकुले. ही सगळी पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडे छपरांची दुरुस्ती होते, तपासणी होत नाही. छपरावर चढणारा जवळजवळ प्रत्येक माणूस काहीतरी विकायला चढलेला असतो, कोणी केमिकल, कोणी डांबराची शीट, कोणी पत्र्याची शेड. त्यामुळे छपराला काय झाले आहे हे कळण्याआधीच त्याच्यावर काय टाकायचे हे ठरून जाते. तपासणी हे दुरुस्तीपासून अलग असलेले काम आहे. ते अशा माणसाने केले पाहिजे ज्याला त्या दुरुस्तीतून एक रुपयाही मिळणार नाही, त्याचे पैसे वेगळे दिले पाहिजेत, आणि गळती नसतानाही ते ठरलेल्या काळात झाले पाहिजे.

कौलारू घरात ही सोय घराच्या रचनेतच होती. वैशाख सरत आला, की मृगाच्या आधी कौले चाळून घ्यायची, हा कोकणातला नेम. कौले उतरवायची, झाडायची, पन्हळीत अडकलेला पालापाचोळा काढायचा, फुटकी बाजूला करायची, उघड्या पडलेल्या रिपा आणि वासे हाताने चाचपायचे, वाळवी लागलेली रीप बदलायची, आणि पुन्हा ओळीने कौले बसवायची. वर्षातून एकदा सगळे छप्पर घरधन्याच्या डोळ्यांदेखत उघडे व्हायचे. कोणी म्हणेल, कौले चाळणारा तपासतही होता आणि दुरुस्तही करत होता, मग दोघे वेगळे असावेत हा आग्रह कशाला? फरक असा, की त्याच्याजवळ विकायला काही नव्हते. मजुरी दिवसाची असायची, कौल घरधन्यानेच आणून ठेवलेले असायचे, आणि फुटलेले कौल फुटलेले आहे हे अंगणात उभ्या असलेल्या कोणालाही दिसत असे. तो पुढच्या वर्षी पुन्हा येणार होता, आणि मधल्या चार महिन्यांच्या पावसात त्याच्या कामाची परीक्षा होणार होती. स्लॅबच्या गच्चीवर यातले काहीच उरत नाही. दोष झाकलेला, उपाय महाग, आणि उपाय करणारा पुन्हा भेटेल याची खात्री नाही. म्हणून जी कामे एकेकाळी एकाच माणसाकडे निर्धास्तपणे देता येत होती, ती आता दोघांकडे द्यावी लागतात.

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत पश्चिम किनाऱ्यावरची नळीची कौले हळूहळू मागे पडली. जुन्या पनवेलमध्ये अजूनही काही घरांत छताखाली उभे राहून वर पाहिले, की कौलांच्या पाठीवर उमटवलेली कारखान्यांची नावे वाचता येतात. तपासणीच्या दृष्टीने ही नावे महत्त्वाची आहेत. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्या कारखान्याच्या कौलाच्या कडेत नीट बसतेच असे नाही, आणि फुटलेल्या जागी मिळेल ते कौल टाकत गेलेल्या छपरात सगळी कौले धड असूनही पाणी येते. असे छप्पर पाहून ‘कौले जुनी झाली, पत्रे टाका’ असे सांगणे सोपे असते. वास्तविक चांगले भाजलेले कौल शंभर वर्षेही टिकते. एका जातीची कौले एका पाख्यावर आणि दुसऱ्या जातीची दुसऱ्या पाख्यावर अशी नुसती वाटणी केली तरी अर्धी गळती थांबू शकते. कौलारू छप्पर मुख्यतः आतून तपासायचे असते. भर दुपारी दारे-खिडक्या लावून वर पाहिले, की उजेडाचे ठिपके दिसतात. कौलाच्या खालच्या कडेखालून येणारा तिरपा उजेड निरुपद्रवी असतो, कारण पाणी उताराच्या उलट चढत नाही. कौलाच्या अंगातून किंवा दोन कौलांमधल्या उभ्या खाचेतून येणारा उजेड मात्र नोंदवून ठेवावा लागतो. त्यानंतर लाकूड. साग, ऐन, किंजळ ही लाकडे उघड्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, पण वाशाचे किंवा तुळईचे जे टोक भिंतीत शिरलेले असते, तिथे ओल धरून राहते आणि लाकूड आतून भुसभुशीत होते. बाहेरून रंग लावलेला असतो, त्यामुळे स्क्रूड्रायव्हरचे टोक रोवून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि सगळ्यात आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून आढ्याची रेघ पाहायची. ती मध्ये झुकलेली असेल, तर कौलांना हात लावण्याचे कारण नाही, खालचे लाकूड थकले आहे. अलीकडे अशा घरांत कौलांखाली पीव्हीसीचे किंवा प्लायचे छत मारून घेतात. खोली नीटस दिसते आणि गरमही कमी होते, पण उजेडाचे ठिपके, वाळवीची माती, वाशावरचा ओलीचा डाग हे सगळे त्या छताच्या वर जाते. असे छत करायचे असेल तर त्याला माणूस वर डोकावू शकेल एवढी झाकणी ठेवावी, एवढेच मागणे आहे, आणि ते फारसे कोणी ऐकत नाही.

गर्डर-लादीची घरे आता थोडी उरली आहेत. लोखंडी गर्डरवर दगडी लाद्या आणि त्यावर कोबा, अशी ही रचना. तिच्यात लादी क्वचित दगा देते. भिंतीत बसलेले गर्डरचे टोक गंजते, फुगते आणि भिंतीलाच आतून ढकलते. गच्चीखालच्या कोपऱ्यात भिंतीवर आडवी भेग दिसली, की छपरावर नव्हे तर त्या टोकाकडे बघायचे.

पत्र्याचा धडा या जिल्ह्याने एका दिवसात घेतला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, वाऱ्याचा वेग ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरपर्यंत होता, आणि रायगडमधल्या हजारो घरांची छपरे गेली. त्यानंतरच्या दिवसांत पत्रे आणि कौले मिळेनाशी झाली. तरी त्या नुकसानीकडे बारकाईने पाहिले तर पत्रा कमकुवत होता म्हणून छप्पर गेले, असे सहसा आढळत नाही. वारा छपराला दाबत नाही, वर उचलतो, आणि हा उचलण्याचा जोर मध्यापेक्षा कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त असतो. तिथला एक गंजलेला हूक बोल्ट निसटला, की त्या पत्र्याखाली वारा शिरतो आणि पुढचे काम तोच करतो. म्हणजे पत्र्याच्या छपराची तपासणी ही मुख्यतः कडेच्या दोन ओळींतल्या बोल्टांची आणि त्यांच्याखालच्या वॉशरची तपासणी आहे. रबराचा वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो, त्यातून पाणी बोल्टच्या भोकात जाते, भोक गंजून मोठे होते. वादळाआधी हे पाहायला एक शिडी आणि एक दुपार पुरते. सिमेंटच्या पत्र्याचा स्वभाव निराळा. तो गंजत नाही, पण उन्हापावसाने ठिसूळ होत जातो आणि वरून तसाच भक्कम दिसत राहतो. त्याच्यावर पाय ठेवून माणसे खाली पडतात आणि मरतात. अशा छपरावर फळ्या आडव्या टाकल्याशिवाय कोणीही, तपासणाराही, जाऊ नये. जुन्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असते, त्यामुळे शेवाळ काढायला ते कोरडे घासणे किंवा करवतीने कापणे हे श्वासासाठी घातक आहे. हे दोन मुद्दे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिले पाहिजेत, कारण पावसाच्या तोंडावर घरातलाच कोणी तरुण मुलगा डांबराचा डबा घेऊन त्या पत्र्यावर चढणार असतो.

आता स्लॅब. कौलारू घरातून स्लॅबच्या घरात जाताना माणसांना एक आश्वासन मिळाले होते, की आता दरवर्षीची कटकट संपली. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली, पुढे खाडीकाठच्या भातखाचरांवर नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर उभे राहिले, आणि दोन पिढ्यांत छपराकडे पाहण्याची सवयच गेली. पण स्लॅब हा निर्जीव दगड नाही. सिमेंटच्या काँक्रीटमध्ये तीव्र अल्कधर्म असतो आणि त्याच्या आश्रयाने आतली सळई गंजापासून वाचते. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओलीच्या मदतीने वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये शिरतो आणि हा अल्कधर्म कमी करतो. खाडीची खारी हवा असेल, किंवा बांधकामाला खारी रेती वापरलेली असेल, तर क्षारही सळईपर्यंत पोहोचतात. सळई गंजू लागली, की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते, आणि सळईखालचा थर खपलीसारखा सुटतो. घरातल्या माणसाला दिसतात ते फक्त पोपडे. तो पुट्टी लावतो, रंग देतो, किंवा पीओपीचे छत करून घेतो. हातोडीने ठोकून पाहिले तर चांगल्या स्लॅबचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या थराचा भद्द. शंका आली तर काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडायचे. जिथे गुलाबी रंग चढतो तिथे अल्कधर्म शाबूत आहे, जिथे रंग येत नाही तिथपर्यंत आश्रय संपला आहे. ही चाचणी स्वस्त आहे, काही मिनिटांची आहे, आणि तिचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा प्रामाणिक असते.

गळती मात्र स्लॅबच्या पोटातून क्वचित सुरू होते. ती सुरू होते कडेला: कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यातला गोलाईचा गिलावा, म्हणजे वाटा, फुटतो, पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी कोबा आणि पाइप एकमेकांपासून सुटतात, डिश अँटेनासाठी पाडलेली भोके तशीच राहतात, टाकीचा ओव्हरफ्लो रोज एकाच जागी पडतो, कठड्याच्या भेगेत पिंपळ रुजतो. तिथून आत गेलेले पाणी कोब्याच्या विटांमध्ये साठते, स्लॅबच्या माथ्यावरून उताराने सरकते, आणि भलत्याच खोलीत ठिबकते. म्हणून डाग जिथे आहे त्याच्या डोक्यावर केमिकल लावणे हा बहुधा वाया गेलेला खर्च असतो. घड्याळ आणि कॅलेंडर ही आमच्या कामातली सर्वांत उपयोगी साधने आहेत. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात ठिबकत असेल तर वाट सरळ आणि जवळची आहे. पाऊस उघडल्यावर दोन-दोन दिवस ठिबकत असेल तर कोब्यात पाणी मुरून बसले आहे. नैऋत्येच्या भिंतीला झड लागली तरच ओल येत असेल, तर गच्ची निर्दोष आहे आणि भिंतीच्या गिलाव्यात भेग आहे. आणि एप्रिलमध्येही डाग ओला असेल, तर त्याचा पावसाशी संबंध नाही, टाकीची किंवा संडास-बाथरूमची वाहिनी पाहावी. या चार नोंदी घरातल्या माणसाने एका पावसाळ्यात वहीत लिहून ठेवल्या, तर तपासणीचे निम्मे काम झालेले असते. विकायला आलेला माणूस हे प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर काहीही आले तरी त्याच्याकडे डबा एकच असतो.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण म्हणजे कोब्यावर कोबा. गळती थांबत नाही म्हणून जुना कोबा न काढता त्याच्यावर नवा घालतात, कारण काढायचा खर्च वाचतो आणि गच्ची एका आठवड्यात नवी दिसते. शंभर मिलिमीटर जाडीच्या विटांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा आहे, तिच्यासाठी भारतीय मानकात माणसे आणि सामान मिळून धरायचा भार आहे चौरस मीटरला दीडशे किलो. म्हणजे दुसरा कोबा घातला की गच्चीवर कोणी नसतानाही स्लॅब जणू कायमचा गर्दीने भरलेला राहतो, आणि शंभर चौरस मीटरला हा बोजा वीस टनांचा होतो. त्याच्या खाली सळया गंजत असतील तर काय होते, हे उल्हासनगरने मे २०२१ मध्ये पाहिले. दोन आठवड्यांच्या आत तिथे १९९० च्या दशकातल्या दोन इमारतींमध्ये वरच्या मजल्यावरचा स्लॅब खालच्या स्लॅबना घेऊन कोसळला आणि माणसे मेली. तिथल्या कारणांची यादी मोठी आहे आणि ती सगळी छपरावर ढकलता येणार नाही. पण एक स्लॅब पडला की खालचे त्याचा आघात सोसत नाहीत, आणि सर्वांत वरचा स्लॅब हाच ऊन-पाऊस थेट घेणारा, हे सत्य प्रत्येक इमारतीला लागू आहे. तपासणी न करता वजन वाढवणारी दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हेच, असे मी ठामपणे म्हणेन.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट आहेच, आणखी तपासणी कशाला? आहे खरे. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेलची महापालिका झाली आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ इथे लागू झाला. त्याच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीला नोंदणीकृत अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा ऑडिट सांगितले आहे. ते झालेच पाहिजे. पण ऑडिटचा प्रश्न असतो, इमारत उभी राहील का? छपराच्या तपासणीचा प्रश्न असतो, पाणी कुठून शिरते आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळाले तर पहिल्याची वेळ पुष्कळ पुढे जाते. शिवाय वय हा भरवशाचा मापदंड नाही. महाडची तारिक गार्डन ही इमारत २४ ऑगस्ट २०२० ला पडली आणि सोळा जण गेले, तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. उलट जुन्या पनवेलमध्ये तिच्या कित्येक पट वयाची, दरवर्षी कौले चाळलेली घरे उभी आहेत. आणि गावठाणातले एकटे घर, रो-हाउस, वाडीवरचे घरकुल यांना ना कमिटी, ना सेक्रेटरी, ना ऑडिट. घरकुलाचे पैसे मिळतात ते बांधायला. बांधल्यावर त्या स्लॅबकडे किंवा पत्र्याकडे पाहायला कोणी येत नाही, आणि तिथल्या कुटुंबाला गवती छपराची निगा ठाऊक असते, स्लॅबची कोणी शिकवलेली नसते. सरकारी योजनेत पाचव्या वर्षी एक तपासणी बसवणे हा मोठा खर्च नाही.

दुसरा आक्षेप पनवेलच्या आकाशरेषेवरच लिहिलेला आहे: गच्चीवर पत्र्याची शेड टाकली की प्रश्न मिटला. शेडने पाऊस थेट लागत नाही, वरच्या मजल्याचा उकाडाही कमी होतो, आणि त्रासलेल्या माणसाने हा मार्ग घेतला तर त्याला नावे ठेवणे योग्य नाही. परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. शेडचे खांब कठड्याला किंवा स्लॅबला बोल्ट ठोकून उभे करतात, म्हणजे गळतीसाठी टाकलेले छप्पर गळतीची नवी भोके पाडते. शेडचे पाणी पन्हळीतून एकाच बाजूला येते, आणि तिथला पाइप तेवढ्या पाण्यासाठी घातलेला नसतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गंजू लागलेली सळई शेड टाकल्याने बरी होत नाही. ओल कमी झाल्याने गंजाचा वेग उतरतो, पण डाग वाळतो, तक्रार बंद होते, आणि आतल्या नुकसानीची खबर देणारा एकमेव साक्षीदार गप्प होतो. शेड टाकायचीच असेल तर आधी स्लॅब ठोकून पाहावा, अहवाल लिहून घ्यावा, आणि मग टाकावी.

खर्चाचा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वॉटरप्रूफिंगवाला फुकट पाहून जातो, तुम्ही नुसते पाहण्याचे पैसे मागता, असे कमिटीच्या सभेत म्हटले जाते. फुकट पाहणीची किंमत कोटेशनमध्ये धरलेली असते. ती दिसत नाही, एवढेच. शिवाय तीन जणांकडून तीन कोटेशने मागवली, की तीन वेगवेगळ्या कामांचे तीन दर येतात आणि सभा त्यातला सर्वांत कमी निवडते, जणू तिन्ही एकच काम करणार आहेत. आधी तपासणी करून कामाची यादी ठरवली तर तिघांना एकाच यादीवर दर भरावे लागतात. यादीत अनेकदा फक्त वाटा नव्याने मारणे, पाइपाची तोंडे बदलणे आणि पिंपळ मुळासकट काढणे एवढेच असते. खर्चाचा वाद खरा कुठे पेटतो, तर वरच्या मजल्यावरच्या घरात. गच्चीतून पाणी येऊन त्या घराच्या छताचे नुकसान झाले तर दुरुस्ती संस्थेने आपल्या पैशांतून करायची, असे आदर्श उपविधीच सांगतात. तरीही ‘तुमच्याच घरात गळते, तुम्हीच बघा’ हे उत्तर सर्रास मिळते. हा अन्याय आहे. गच्ची सगळ्यांची असताना तिचा त्रास एका कुटुंबाने वर्षानुवर्षे भोगायचा, आणि ओल घरातूनच आहे असा उलट आरोपही सोसायचा. गच्चीवर पाणी साठवून एक ते तीन दिवस ठेवायची चाचणी घेतली, की ते पाणी कोणाचे हा वाद भावनांवर राहत नाही.

नव्या इमारतीत राहणारे म्हणतात, आम्हाला याची घाई नाही. त्यांनाच ती सर्वांत जास्त आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. गच्चीचा उतार चुकलेला असणे, पाण्याची डबकी राहणे, वाटाच न मारलेला असणे हे दोष पहिल्याच पावसात दिसतात, पण खाली ओल उतरायला कधी कधी पाच-सहा पावसाळे जातात. तोपर्यंत मुदत टळते. चौथ्या पावसाळ्यात, भर जुलैत, गच्चीवर उभे राहून डबक्यांचे तारखेसह फोटो घेणारी एक तपासणी त्या इमारतीचा पुढचा मोठा खर्च वाचवू शकते. ‘मेमध्ये तपासू’ हे इथे पुरत नाही. उन्हाळ्यात भेगा दिसतात, पावसाळ्यात पाण्याची चाल दिसते, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय मी कोणत्याही गच्चीवर मत द्यायला तयार नसतो. ड्रोन आणि उष्णता टिपणारा कॅमेरा यांनी हे काम सोपे झाले आहे, विशेषतः पाय ठेवता येत नाही अशा पत्र्यांवर आणि कौलांवर. पण कॅमेरा गार जागा दाखवतो, तिच्यामागचे पाणी टाकीचे की पावसाचे हे सांगत नाही, आणि हातोडीचा आवाज त्याला ऐकू येत नाही.

शेवटचा आक्षेप आता सगळीकडे ऐकू येतो: विमानतळ आला, जमिनींचे भाव चढले, सगळ्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जाणार, मग गच्चीवर खर्च कशाला? पण पुनर्विकासाची बोलणी सुरू होणे आणि इमारत रिकामी होणे यांत अनेक पावसाळे जातात, संमतीत, निविदेत, कधी कोर्टात. त्या काळात त्याच स्लॅबखाली मुले झोपतात. आणि ही बोलणी संपायच्या आधीच गच्चीवर आणखी एक ओझे येते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली, एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे, आणि पनवेलच्या गच्च्यांवरही ती दिसू लागली आहेत. योजना चांगली आहे आणि ती पसरावी. पॅनेल पंचवीस वर्षे चालायचे असते; त्याच्या खालचा कोबा मात्र आणखी किती पावसाळे काढेल हे कोणी विचारत नाही, आणि पॅनेलचे पाय बहुतेक वेळा सरळ कोब्यात ड्रिल करून रोवले जातात. दहा वर्षांनी गच्ची उघडायची वेळ आली तर आधी सगळी पॅनेल उतरवावी लागतील, आणि ते काम अनुदानात बसत नाही. म्हणून पॅनेलच्या अर्जाला वीजबिल जोडताना त्याच फाइलमध्ये गच्चीचा तपासणी अहवालही असावा: उतार किती आणि कुठे चुकतो, कोब्याचे थर किती, ठोकून पाहिल्यावर भद्द आवाज कुठे आला, पाइपांची तोंडे कशी आहेत, आणि पाय ड्रिल करायचे की वजनाच्या ठोकळ्यांवर ठेवायचे. खाली सही मात्र अशा माणसाची हवी, जो पॅनेलही विकत नाही आणि वॉटरप्रूफिंगही करत नाही.